मुक्या चित्रपटांचं गोडाऊन

डब्यांना निदान नंबर असतात. किस्स्यांना नसतात, म्हणून ते हवे तेव्हा सापडत नाहीत आणि कधी संपतही नाहीत. पन्नास सालानंतर काही वर्षं मी अंधेरीला एका फिल्म वितरकाच्या गोडाऊनमध्ये कारकून होतो. बोलपट येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण मूकपटांचे डबे, पोस्टरं, हँडबिलं सगळं तिथंच पडून होतं. त्या पसाऱ्याचे राजे म्हणजे आमचे नाना. मूकपटाच्या काळात ते याच कंपनीचे प्रचारक. थिएटरवाल्याला चित्रपट गळ्यात मारायचा, मग बैलगाडी, बँड, हँडबिलं करून तो चालवूनही दाखवायचा! दुसरे गावडे, मालवणचे, फाटलेली रिळं जोडणारे. दुपारी आम्ही तिघं चहाला बसलो की गप्पा सुरू.

*

थिएटरवाल्याला अख्खा चित्रपट कोणी दाखवत नसे. नमुन्याची दोनच रिळं, एक मारामारीचं, एक रडारडीचं. नाना अशी रिळं घेऊन मुलुंडच्या एका तंबूवाल्याकडे गेले. खोलीत पेटी नाही, तबला नाही, नुसती मशीनची घरघर. मारामारी बघून स्वारी खूश. रडारड सुरू झाली तसा मालक कानात बोटं घालायला लागला.

"काय झालं मालक?"

"पिक्चर झकास आहे हो, घेतला! फक्त त्या बाईचं रडणं जरा हळू करता येईल का?"

नाना म्हणाले, "करतो." दुसरं काय म्हणणार!

*

बोरिवलीला एक भुताचा चित्रपट लागायचा होता. नानांनी एका नाटकवाल्याला पांढरं लुगडं नेसून, घुंगट ओढून, बाजारात हँडबिलं वाटायला सांगितलं. दुपारपर्यंत गठ्ठा संपला, खेळ हाऊसफुल्ल! संध्याकाळी नाटकवाला हात जोडत हजर. "नाना, माफ करा. तापानं फणफणलो होतो, येऊच शकलो नाही."

पुढच्या चित्रपटाच्या वेळी मॅनेजरनं बजावून सांगितलं, "तीच बाई पाठवा, फार मन लावून काम करते."

नाना म्हणाले, "अहो, ती आमच्या कंपनीत नाही!"

*

हँडबिलांवर थिएटरचं नाव आणि तारीख यांच्या जागा कोऱ्या सोडत. ज्याचा खेळ त्यानं त्या शाईनं भरायच्या. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक जुना गठ्ठा सोडला, तर वरच्याच हँडबिलावर आजची तारीख. थिएटरच्या जागी लिहिलेलं, 'गोडाऊन'. बोट लावलं तर शाई ओली!

"गावडे, हे तुम्ही लिहिलंत?"

गावड्यांनी बशीतून मानही वर केली नाही. "टायम लिवलेलो आसा काय?"

"नाही."

"मगे आजून येळ आसा. ठेव थंय."

*

त्या सुमारास आमच्या मालकांनी, शेठनी, जुनी रिळं बांगडीवाल्याला द्यायला सुरुवात केली. तो चित्रं धुऊन काढायचा आणि उरलेल्या फिल्मच्या बांगड्या करायचा. गावड्यांनी हौसेनं दोन बांगड्या बायकोला नेल्या. चौथ्या दिवशी बाईंनी त्या काढून परत पाठवल्या.

"काय गावडे, हाताला बसल्या नाहीत?"

"बसल्यो रे. पण ती म्हणता, भाकरी थापताना आतसून कोणतरी बघता!"

*

आता नानांचा स्वतःचा.

त्यांची मुलगी तारू सहा वर्षांची असताना आमच्याच कंपनीच्या एका मूकपटात तिनं जत्रेत हरवणाऱ्या मुलीचं काम केलं होतं. पुढच्याच वर्षी ती तापानं गेली, मागोमाग तिची आईही. घरात पोरीचा एक फोटो नाही! ती उरली होती फक्त त्या चित्रपटात, आणि त्याची एकुलती एक प्रिंट आमच्या गोडाऊनमध्ये होती. शेठ म्हणाले, "नाना, रविवारपर्यंत एखाद्या थिएटरनं लावला तर ठेवू. नाहीतर सोमवारी बांगडीवाला."

नाना साठीला टेकलेले. तरी हँडबिलांचा गठ्ठा काखोटीला मारून बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत फिरले. "मुका पिक्चर? आता? वाट लागेल आमची!" जिथं तिथं हेच उत्तर. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी घाटकोपरचा एक मॅनेजर विरघळला. रविवारी सकाळी एक खेळ. शनिवारी गावड्यांनी प्रिंट जोडली. "पोरगी काय गोड आसा हो तुमची," ते नानांना म्हणाले.

खेळाला पंधरा-वीस टाळकी. मूकपटात बोलणं पाट्यांवर लिहून येई, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून त्या मोठ्यानं वाचे. नाना स्वतःच उभे राहिले. आवाज अजून खणखणीत! या कामाचा नियम एकच, पाटीवर असेल तेवढंच बोलायचं.

जत्रा आली. गर्दीत तारू, परकर मुठीत धरून. ती पडद्यातून आमच्याकडे वळली, तिचे ओठ हलले. पाटी आली, "बाबा, तुम्ही कुठे आहात?"

नानांनी ती वाचलीच नाही. म्हणाले, "इथंच आहे बाळा. चल घरी."

लोक हसले.

बाहेर पडल्यावर मी हळूच विचारलं, "नाना, पाटी चुकलात?"

"पाटी कुठली रे? तिनं विचारलं, मी सांगितलं."

सोमवारी सकाळी गावडे प्रिंट तपासायला बसले आणि त्यांनी मला हाक मारली. "मधू, हय ये. पोरगी खंय गेली?"

मी रीळ उजेडात धरलं. जत्रा होती. फुगेवाला होता. गर्दीच्या मधोमध एक रिकामी जागा होती, आणि माणसं तिला वळसा घालून चालली होती. कुठं कापल्याची खूण नाही, नवा जोड नाही.

तेवढ्यात शेठ आले, खुशीत. "नाना, जिंकलात! खेळ लागला ना, आता प्रिंट राहणार!"

नानांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. "नको शेठ, द्या खुशाल बांगडीवाल्याला. आणि मला आज जरा लवकर सोडा. पोर घरी एकटी आहे."