मनगटावरचा तंगूस

सुब्बा नावेच्या पुढच्या फळीवर बसायचा. चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरच्या किनाऱ्यावर त्यांची वाडी आहे. त्या वाडीत पुढची फळी ज्याला त्याला मिळत नाही. तिथं बसणाऱ्यानं तळ ओळखायचा असतो. नाव थांबली की तो तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची बारीक दोरी, सोडतो, टोकाचं शिसं खाली टेकतं आणि बोटावरून त्याला कळतं, इथं चिखल आहे, इथं वाळू, इथं दगड. दगड असेल तिथं दिवसा माकूल असतात.

माकुलाला, म्हणजे स्क्विडला, तमिळमध्ये कणवाय म्हणतात. मी राजापूरकडचा, माझ्या तोंडी माकूलच बसलाय. रात्री दिवा लावला की तो उजेडाला वर येतो, तेव्हा कोणीही पकडेल. दिवसा तो तळाशी, दगडांच्या आडोशाला असतो. तिथून त्याला काढायचा तर दिव्याचा उपयोग नाही, हात लागतो. मासा ओढतो तसा माकूल ओढत नाही. तो गळाला मिठी मारतो. दोरी फक्त किंचित जड होते, पाण्यात भिजलेली चिंधी अडकावी इतकी. ते जडपण ज्याला कळलं त्यालाच माकूल मिळतो.

मी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर एन्नोरला राहिलो. एकदा सुब्बा इंजिनाचा वाकलेला दांडा खांद्यावर घेऊन माझ्या दारात आला. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. दांडा मी सरळ करून दिला. त्यानं तो दगडावर ठेवून फिरवून पाहिला, परत फिरवून पाहिला, मग मान डोलावली. हा माणूस मला तिथंच आवडला. तेव्हापासून त्यांचे गळ मी बनवतो. शिशाची कांडी, तिच्यावर रंगीत दोरा, आणि खालच्या टोकाला स्टीलच्या तारेच्या आकड्यांचं कडं. आकड्यांना उलटा काटा नसतो. सगळे आकडे एका उंचीचे लागतात. एक जरी खाली राहिला तर सुब्बा गळ परत पाठवतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास वादळाचा इशारा आला. नावा वर ओढताना त्याचा उजवा हात दोन नावांच्या मध्ये सापडला. हाडं जुळली. बोटं वाकतात, पकडतात, ओढतात. पण तर्जनी आणि मधलं बोट यांना कळत काही नाही. हे आधी त्याच्या बायकोच्या, अंजलैच्या लक्षात आलं. भाताच्या पातेल्यावरचं गरम झाकण त्यानं उचललं आणि हातात धरून बोलत राहिला. ती ओरडली तेव्हा त्यानं खाली पाहिलं. बोटांवर फोड आले होते.

अंजलैनं गोष्ट झाकली नाही. गुरुमूर्तीला सांगितली. गुरुमूर्ती सुब्बाच्या धाकट्या भावाचा मुलगा. नाव आता त्याची आहे, इंजिनही तोच चालवतो. तो सुब्बाला पेरियप्पा म्हणतो, म्हणजे मोठे काका.

"एक फेरी करू, पेरियप्पा," तो म्हणाला. "तुम्हाला कळलं तर या. नाही कळलं तर उद्यापासून किनाऱ्यावर जाळी शिवा. मी चिडून सांगत नाही. समुद्रात बिनकामाचा माणूस नेता येत नाही."

"जाळी शिवणं म्हाताऱ्यांचं काम," सुब्बा म्हणाला.

"आणि तुम्ही कोण? नवरदेव?" अंजलैनं आतून विचारलं.

त्या फेरीला मीही गेलो. नवे गळ पाण्यात कसे चालतात ते मला बघायचं होतं, आणि सुब्बानं चल म्हटलं होतं.

फेब्रुवारीचे दिवस. समुद्र सपाट होता. उजाडल्यावर निघालो, कारण माकुलाला पाणी उजळलेलं लागतं. वीजकेंद्राच्या गरम पाण्याचा पट्टा ओलांडला, तशी पाण्याची राखाडी छटा गेली आणि हिरवं पाणी लागलं. सुब्बा पुढच्या फळीवर, मी मधे, गुरुमूर्ती मागे इंजिनाजवळ. सुब्बा किनाऱ्याकडे बघत होता. वीजकेंद्राची चिमणी आणि बंदरातली एक क्रेन एका रेषेत आली की खाली दगड, ही त्याच्या बापाच्या वेळेपासूनची खूण. क्रेन तेव्हा नव्हती, ताडाचं झाड होतं. झाड गेलं, क्रेन आली. खूण तीच राहिली.

त्यानं हात वर केला. गुरुमूर्तीनं इंजिन बंद केलं. सुब्बानं तंगूस सोडला, उजव्या तर्जनीवर घेतला, दोनदा वरखाली केला.

"दगड," तो म्हणाला.

आम्ही तिघांनी दोऱ्या सोडल्या. बराच वेळ कोणाच्याच दोरीला काही लागलं नाही. मग सुब्बानं आपला गळ वर ओढला. शिशाला राखाडी चिखल चिकटला होता.

ते गुरुमूर्तीनं पाहिलं, मीही पाहिलं. सुब्बानं शिसं लुंगीला पुसलं. दगडाचं त्याला बोटानं सांगितलंच नव्हतं, चिमणीनं सांगितलं होतं. इंजिन बंद केल्यावर प्रवाहानं नाव सरकवली होती, आणि ते त्याला कळलं नाही. पूर्वी असं झालं असतं तर शिसं टेकताक्षणीच त्यानं शिवी हासडली असती.

"प्रवाह आज उत्तरेकडून आहे," गुरुमूर्ती हळूच म्हणाला. त्यानं इंजिन चालू केलं, नाव मागे घेतली, स्वतः दोरी टाकली. "हां. इथं."

सुब्बानं दोरी डाव्या हातात घेतली. डाव्या बोटांना कळतं, पण ती कधी या कामाला लावली नव्हती. दोनदा त्याचा हात उगाच झटकन वर गेला, गळ रिकामा आला. एकदा गळ वर आला तेव्हा आकड्यात पांढऱ्या मांसाचा तुकडा होता. माकूल आला होता, झटक्यानं फाटून गेला. सुब्बानं तो तुकडा काढून पाण्यात टाकला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याचं काय चाललं होतं ते मला समजत होतं. नट किती आवळायचा हे पाना सांगत नाही, तळहात सांगतो, आणि एका तळहाताचं शिकलेलं दुसऱ्याला येत नाही. पण सांगून उपयोग नव्हता. दोरी पाण्यात असताना सुब्बा कोणाचं ऐकत नाही.

मग त्यानं डाव्या बोटांतून तंगूस काढला. डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि तंगूस मनगटाच्या आतल्या बाजूवरून नेला, जिथली कातडी पातळ असते. वरचं टोक उजव्या मुठीत धरलं. मूठ फक्त धरायला. ओळखायचं काम मनगटाचं.

"पेरियप्पा," मागून गुरुमूर्ती म्हणाला, "नाडी बघताय का? जिवंत आहे ना?"

"गप बस."

"नाही, औषध काय द्यायचं ते सांगा. पेरियम्मांकडून काढा आणतो."

"तुझी नाडी बघू का? इकडे ये."

मी हसलो. सुब्बा हसला नाही. डोळे मिटून बसला. गळ सावकाश वर, सावकाश खाली. उन्हं वर आली होती. पाण्यावर काही हालत नव्हतं.

त्याची उजवी मूठ वळली. झटका नाही. त्यानं ओढायला सुरुवात केली, एक हात, दुसरा हात, एका चालीनं, मधे कुठं न थांबता. आकड्यांना उलटा काटा नसतो, म्हणून क्षणभर जरी दोरी सैल पडली तरी माकूल निसटतो. ती बधिर बोटं ओढायला चोख होती.

माकूल वर आला. पारदर्शक अंग, त्यावर तपकिरी ठिपके उमटत होते आणि विझत होते. सुब्बानं त्याला पाण्यातच थोपवून त्याच्या शाई सोडायच्या नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. काळी शाई पाण्यात गेली, मग त्यानं माकूल आत घेतला.

"माझ्या मनगटाला कळलं," तो म्हणाला. कोणाला सांगत होता कुणास ठाऊक.

थोड्या वेळानं माझीही दोरी जड झाली. मी ओढली, आणि हात बदलायला थांबलो. वर्कशॉपातली सवय. पान्याला एक ओढ दिली की थांबायचं, पकड बदलायची, पुन्हा ओढायचं. दोरी हलकी झाली.

"मेस्त्री, हा बोल्ट नाही," सुब्बा म्हणाला. मग पुढचा माकूल मी न थांबता ओढला, पण त्याचं तोंड वळवायला विसरलो. सगळी शाई माझ्या शर्टावर आली.

"आता तुम्ही वाडीचे झालात," गुरुमूर्ती म्हणाला. "तो डाग जात नाही."

दुपारपर्यंत टोपली भरत आली. सर्वांत जास्त गुरुमूर्तीचे होते. सुब्बाचे त्याहून कमी, पण माझ्यापेक्षा बरेच जास्त. जागा आम्ही आणखी दोनदा बदलली. दर वेळी सुब्बानं आधी दोरी टाकली, मनगटावर घेतली, आणि दर वेळी गुरुमूर्तीकडे बघितलं. गुरुमूर्तीनं स्वतःची दोरी टाकून तळ सांगितला.

नाव वाळूवर लागली. गुरुमूर्तीनं टोपली उतरवली, हात धुतले आणि उभा राहिला. त्याला बोलायचं होतं, जमत नव्हतं. काकाला सांगायचं होतं ना.

सुब्बाच बोलला. "माकुलाचं ओझं कळतं. तळ कळत नाही. मनगट सांगत नाही, दगड की चिखल."

"हो, पेरियप्पा."

"पुढं तू बस."

गुरुमूर्तीनं लगेच मान हलवली नाही. नावेकडे बघितलं. "मग मागे कोण? इंजिनाची दांडी धरायला बोटांना कळावं लागत नाही. मुठीनं धरली तरी पुरे. नाव थांबली की तुमची दोरी आहेच."

"मागे शाई अंगावर येत नाही," सुब्बा म्हणाला.

"उद्या उजाडताना निघायचं. उशीर केलात तर जाळी शिवायला बसवीन."

"नाव पाण्यात ढकलायला तरी मी लागेन ना तुला? का तेही चिमणी करणार?"

गुरुमूर्ती हसत टोपली घेऊन वर गेला.

आम्ही सुब्बाच्या घरी गेलो. अंजलैनं आधी त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. तशी ती रोजच बघते. डाव्या मनगटावर तंगुसाची लाल रेघ उठली होती, एका ठिकाणी कातडी सोलली होती.

"एक हात घालवला, आता दुसरा घालवताय?" ती म्हणाली.

"दुखतंय," सुब्बा म्हणाला. त्याला ते सांगताना बरं वाटत होतं.

तिनं रेघेवर खोबरेल लावलं. जुन्या सुती साडीचा काठ फाडला, घडी करून त्याच्या मनगटावर धरून पाहिला. त्यानं हात मागे घेतला.

"कापड बांधलं तर कळणार नाही."

तिनं काठाची घडी उलगडून तो खुंटीला टांगला.

"परत आल्यावर बांधेन," ती म्हणाली. "उद्या चहा उजाडायच्या आधी करू ना?"

"आधीच कर," सुब्बा म्हणाला. "आणि त्या मेस्त्रीचा शर्ट धुवायला टाक."

"तो डाग जात नाही," ती म्हणाली, आणि तरीही शर्ट मागायला हात पुढे केला.