आडवं तापमान

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मी एकदा जे लिहिलं ते नाकारलं गेलं. तेव्हा पुन्हा लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी तो सोसावा.

बंगळूरच्या चामराजपेटेत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोट शिवायचं दुकान होतं. साठचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी एम.एस्सी.ला होतो. मुलगा पृथ्वीच्या चुंबकाचं काहीतरी शिकतो, एवढंच अण्णांना ठाऊक. प्रबंधावर माझ्या मार्गदर्शक सरांची सही झाली की पदवी, आणि पदवी हातात आली की कॉलेजात नोकरी. सगळं घर त्या सहीकडे डोळे लावून होतं.

सर आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी, पण वर्गात इंग्रजीच बोलत. मराठी त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती, अपमानापुरती.

कॉलेजमागच्या माळावर आम्ही तारेचं मोठं वेटोळं पुरलं होतं. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जरा हललं तरी त्यात बारीकशी वीज उमटे आणि आत खोलीतली लेखणी सरकत्या कागदावर रेघ ओढी. कधीकधी त्या रेघेवर दोनेक सेकंदांच्या लाटा येत, फुगत, ओसरत, पुन्हा फुगत. माळेत मणी ओवल्यासारखं दिसे. विभागाची रीत अशी, की रेघ ट्रेसिंग कागदावर उतरवताना असल्या लाटा गुळगुळीत करून टाकायच्या. सगळेच तसं करत. मला ते जमेना.

परदेशी मासिकांत तेव्हा नुकतं एक स्पष्टीकरण येऊ लागलं होतं. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय रेषांत अडकलेले प्रोटॉन रेषेभोवती गिरक्या घेतात आणि रेषेच्या लांबीनं येजाही करतात. आडव्या गिरकीतली उष्णता उभ्या धावेतल्या उष्णतेपेक्षा फार वाढली, की तो प्लाझ्मा, म्हणजे त्या विद्युतभारित कणांचा विरळ वायू, अस्थिर होतो आणि जादा ऊर्जा लाटांना देऊन टाकतो. मला वाटलं, आपल्या कागदावर त्याच लाटा आहेत. एकाच वस्तूचे दोन दिशांना दोन स्वभाव असतात, हे मला नवं नव्हतं. कापड उभ्या धाग्यात ताणत नाही, आडव्यात ताणतं. हे मी पाटी धरायच्या आधी शिकलो होतो.

चर्चासत्रात मी अडखळत तेच उदाहरण दिलं.

“म्हणजे तापकऱ्याला थर्मामीटर आडवा लावला तर ताप वाढतो?” सरांनी विचारलं.

वर्ग हसला. “उभा लावून बरा करू या, सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

“सर, तिथे कण एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. म्हणून दोन तापमानं सारखी होत नाहीत.”

“तुम्ही जाऊन बघून आलात?”

मी खाली बसलो.

संध्याकाळी त्यांनी खोलीत बोलावलं. आता मराठी सुरू झाली. “लाटा काढून टाक, सही घेऊन जा.”

“सर, त्या आहेत.”

“गेटापाशी पंप चालतो, त्याच्या आहेत.”

“पंप बंद असतानाही येतात, सर.”

त्यांनी टेबलावरची, लेखणीच्या रेघांच्या माझ्या मूळ कागदांची गुंडाळी माझ्याकडे ढकलली. “मग हे घरी ने. तुझ्या अण्णांना दे. कागद जाड आहे, कॉलरचे नमुने कापायला बरा. सरी?” शेवटचं ‘ठीक?’ तेवढं कानडीत.

घरी अण्णांनी विचारलं, सर काय म्हणाले? मी जे शब्द होते तेच सांगितले. अण्णांनी गुंडाळी उलगडली, कागद बोटांत चोळून पाहिला.

“एवढा शिकलेला माणूस, पण आपल्या धंद्याची आठवण ठेवली बघ! एकदा घेऊन ये त्यांना. माप घेतो.”

तो अपमान होता, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. चार दिवसांत दुकानातल्या खिळ्यावर कॉलर आणि बाह्यांचे नवे नमुने लटकले. प्रत्येकावर माझ्या लाटा, कात्रीनं मध्येच तोडलेल्या. सही झाली नाही. मी बंगळूरबाहेर होसकोट्याच्या शाळेत गणित शिकवायला लागलो. सरांना शिव्या देण्यात किती संध्याकाळी गेल्या, ते आता सांगत नाही.

पुढे एकदा वर्गातला जुना सोबती बसनं होसकोट्याला आला. शाळेच्या पायरीवर बसून म्हणाला, उपग्रहावरच्या उपकरणांना तसेच प्रोटॉन दिसलेत, आडवेच जास्त तापलेले. सर आता ते वर्गात शिकवतात. कापडाचं उदाहरण देऊन.

“आणि ऐक,” तो म्हणाला, “तुझ्या प्रबंधावर सही करायला तयार आहेत. फक्त मूळ कागद घेऊन ये म्हणालेत. सगळे. अखंड.”