पत्र्यावरचं पाणी

चौबे कॉलनीत आमच्या घरामागे राहणाऱ्या त्या म्हातारीचं नाव मी कधी विचारलं नाही. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून ती पावसात आमच्या स्लॅबच्या पाइपाखाली बादली लावायची आणि पाणी पदरातून गाळून न्यायची. तिच्या घरावर सिमेंटचे पत्रे होते.

“तुमच्या छपराचं काहून नाही घेत, आजी?”

“आमचे हे जिंदगीभर असेच पत्रे कापत राहिले. तीच धूळ छातीत घेऊन गेले. ते पाणी माह्या घशाखाली नाही उतरत.”

यंदा गच्ची गळायला लागली, म्हणून आम्ही वर डांबर लावलं. पाऊस येताच ती आली. ओंजळीतल्या पाण्याचा तिने वास घेतला आणि बादली ओतून टाकली.

संध्याकाळी तिची बादली तिच्याच पत्र्याखाली होती. ती बादलीकडे पाठ करून उंबऱ्यात बसली होती.