बाकावरचे नऊ हंगाम

किरो दामेस्कीची जर्सी मी नऊ हंगाम धुतली आणि तिला एकदाही मातीचा डाग नव्हता. तरी धुवायचो. सामना संपला की सगळ्यांच्या जर्स्या मशीनमध्ये जायच्या, त्यात त्याचीही. नुसती घडी घालून ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? त्याला कळलं असतं.

मी रिस्तो. वोलोंगाँगच्या आमच्या फुटबॉल क्लबात कपडे, बूट, बॉल, पाण्याच्या बाटल्या असं सगळं सामान माझ्या गळ्यात. खेळाडूंना वाटतं सामान आपोआप जागेवर येतं, आणि एक मोजा हरवला की मग माझं नाव आठवतं. त्याआधी एकोणतीस वर्षं मी लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होतो. किरोचा बाप मेतोदी माझ्याच पाळीत. आम्ही दोघं बितोलाजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्षी मॅसेडोनिया सोडून इथे आलो. किरोला मी तो जन्मल्यापासून ओळखतो. आमच्या गल्लीत दोन कचऱ्याचे डबे ठेवून पोरं गोल करायची आणि मेतोदी पाळीवरून आला की पोराला त्या डब्यांमध्ये उभा करून पंचवीस बॉल मारायचा. जेवण नंतर.

किरो चांगला होता, हे मी नात्यामुळे सांगत नाही. अठराव्या वर्षी राज्याकडून खेळला, तेविसाव्या वर्षी आमच्या क्लबाने त्याला राष्ट्रीय लीगसाठी घेतलं. त्या दिवशी मेतोदीने अंगणात अख्खं कोकरू भाजलं आणि मला मिठी मारून रडला. पण गोलकीपरचं दुखणं असं की खेळतो एकच. पुढचा खेळाडू दमला की बदलतात, मधला रागावला की बदलतात, गोलकीपर मात्र हाडबिड मोडल्याशिवाय बदलत नाहीत. दुसरा गोलकीपर ग्लोव्ह्ज मांडीवर ठेवून बाकावर बसतो. किरो बसला. त्याच्यापुढे तीन पहिले गोलकीपर आले आणि गेले, तिघांपैकी एकाचंही कधी काही मोडलं नाही.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं तो चिडायचा. कपाटाचं दार आपटायचा, मी ओरडायचो. मग ते थांबलं. बायको सोडून गेली तेव्हाही त्याने नीट सांगितलं, "काका, सोनिया गेली. उद्या सराव किती वाजता?" कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "ठीक." पर्थला पाच तास विमानाने जाऊन, बसून, परत पाच तास विमानाने आला तरी ठीक. मला त्या शब्दाचा राग यायचा.

दुसऱ्या गोलकीपरला काम नसतं असं मात्र नाही. सामन्याआधी पहिल्याचे हात गरम करणं हे त्याचंच काम, आणि त्यात किरोसारखा माणूस मी पाहिला नाही. आधी वीस बॉल सरळ हातात. मग दहा डावीकडे, दहा उजवीकडे, पाच उंच. शेवटचा बॉल छातीवर, अगदी अलगद, कारण गोलकीपरने आत जाताना बॉल पकडलेला असला पाहिजे, सुटलेला नाही. क्रम कधी बदलला नाही.

मेतोदी एक तास आधी येऊन गोलमागच्या पहिल्या रांगेत बसायचा, खिशात सूर्यफुलाच्या बिया. सामना त्याच्या दृष्टीने वॉर्मअपला संपायचा. लेकाचे सेहेचाळीस बॉल मोजायचा आणि मग नव्वद मिनिटं टरफलं थुंकत शेजाऱ्यांशी भांडायचा. मला बघितलं की ओरडायचा, "रिस्तो, माझ्या साहेबाला उशी दे रे, बाक टोचत असेल! मी चौतीस वर्षं उभा राहिलो, हा बसायचा पगार घेतो!"

"बापाचं नशीब घेऊन आला नाही, झालं," मी म्हणायचो.

"नशीब गेलं खड्ड्यात. एक मिनिट खेळ म्हणावं. एक मिनिट!"

ते एक मिनिट त्याच्या डोक्यात बसलं होतं. लीग दरवर्षी खेळाडूंच्या नावांचं पुस्तक काढते. मैदानात एक मिनिट जरी उतरलात तरी त्यात नाव येतं. बाकावर नऊ वर्षं बसलात तर येत नाही. मेतोदीकडे ती सगळी पुस्तकं होती, आणि 'द'च्या पानावर दामेस्की नव्हता.

शेवटच्या हंगामाची ही गोष्ट. ऑक्टोबरात हंगाम सुरू व्हायच्या आधीच प्रशिक्षक म्यूरने किरोला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी तरुण गोलकीपर घेणार. म्यूर स्कॉटलंडचा, तोंडाने फाटका पण खोटं बोलणारा नाही. किरो बत्तीस वर्षांचा होता. मेव्हण्याच्या फरशीच्या धंद्यात त्याची सोय झाली होती. "ठीक," तो म्हणाला.

मेतोदीची फुप्फुसं तोवर कामातून गेली होती. डॉक्टर वर्षाचं बोलत नव्हते, महिन्यांचं बोलत होते. तो आता चाकांच्या खुर्चीत, नाकात नळी, मांडीजवळ ऑक्सिजनची टाकी. बियांना डॉक्टरांची बंदी होती, त्या मी चोरून द्यायचो.

"सव्वीस सामने आहेत," तो मला म्हणाला. "त्यातलं एक मिनिट. त्यानंतर मी मरायला मोकळा."

"मरायची एवढी घाई असेल तर बिया परत दे," मी म्हणालो. हसला आणि मग दहा मिनिटं खोकला.

डिसेंबरात, नवव्या सामन्यात ते मिनिट दारापर्यंत आलं. कॅलम हॉब्डे, आमचा पहिला गोलकीपर, बॉलवर झेपावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. हॉब्डे उताणा. म्यूर ओरडला, "किरो!" किरोने जाकीट काढलं, ग्लोव्ह्ज घातले, रेषेपाशी जाऊन उभा राहिला. मी गोलमागे पाहिलं तर मेतोदी खुर्चीतून उठला होता. चार महिन्यांत तो उठून उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात नळी. सहा मिनिटं तसा. मग डॉक्टरने हॉब्डेला बोटं मोजायला लावली, त्याने बरोबर मोजली आणि तो उभा राहिला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. किरोने ग्लोव्ह्ज काढले, जाकीट घातलं, चेन वरपर्यंत लावली. इथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, छत्तीस अंश.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आम्ही जिंकत होतो, हरत होतो, मी धुवत होतो. मेतोदीच्या टाकीच्या जागी मोठी टाकी आली. किरो सकाळी बापाला अंघोळ घालायचा, सरावाला यायचा, परत जाऊन त्याला सूप भरवायचा. एकदा ड्रेसिंग रूममध्ये त्याने भिंतीकडे बघत बुरेकचा, आमच्याकडच्या चीज भरलेल्या पोळीचा, तुकडा अर्धा तास हातात धरला होता. चीज गार होऊन कागदाला चिकटलं.

"खा की," मी म्हणालो.

"खातोय," तो म्हणाला.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. आम्ही आठव्या नंबरवर. जिंकलो काय, हरलो काय, कुठेच जाणार नव्हतो. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रशिक्षकाच्या खोलीत न बोलावता गेलो.

"पोराला खेळवा," मी म्हणालो. "शेवटची दहा मिनिटं द्या. बाप मरायला टेकलाय."

म्यूरने चष्मा काढला. "रिस्तो, हॉब्डेला बघायला डेन्मार्कहून माणूस येतोय. त्याला पूर्ण नव्वद मिनिटं बघायचाय. क्लबाने शब्द दिलाय. हॉब्डे धडधाकट असेल तर मला काही करता येत नाही."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर किरो. दुसरं आहे कोण?"

मी बाहेर येऊन किरोला हे जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान हलवली.

वॉर्मअपला मी बॉलची जाळी घेऊन गोलच्या खांबापाशी उभा होतो. किरोने पहिला बॉल मारला, हॉब्डेने पकडला. दुसरा पकडताना हॉब्डेचं तोंड वाकडं झालं. त्याने बॉल बोटांनी धरला नव्हता, मनगटांमध्ये दाबला होता. तो बॉल परत द्यायला पुढे आला आणि मला ऐकू येईल एवढंच बोलला.

"काल गाडीच्या दारात अंगठा सापडला. डावा. डावीकडे मारू नकोस यार."

म्यूर दहा पावलांवर उभा होता. माझे हात जाळीत अडकले. मी किरोकडे बघत होतो, डोळ्यांनी सांगत होतो, की बोल, नाहीतर एक डावीकडे मार, जोरात, बाकी काही करू नकोस. बॉल हॉब्डेच्या हातातून निसटला की म्यूर स्वतःच बघेल.

किरोने सरळ वीस मारले, हलके. मग वीस उजवीकडे. उंच पाच मारले तेही उजव्या अंगाला. शेवटचा अलगद छातीवर. हॉब्डेने दोन्ही हातांनी तो कवटाळला आणि आत गेला. म्यूरने अंगठा वर केला. मी स्वतः का बोललो नाही? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय. मला वाटलं तो बोलेल.

हॉब्डे नव्वद मिनिटं खेळला. डावीकडे एकच बॉल आला आणि तोही खांबाला लागला. शून्य-शून्य. डेन्मार्कच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं.

नंतर कपड्यांच्या खोलीत मी दार लावून घेतलं आणि किरोच्या छातीला बोट लावलं. "गाढवा, असं का केलंस? त्याच्यासाठी? त्याने तुझ्यासाठी काय केलंय आजवर?"

तो बाकावर बसला होता. बराच वेळ विचार केला त्याने, खरंच केला, मी बघत होतो.

"काका, त्याच्यासाठी नाही," तो म्हणाला. "तो म्हणाला डावीकडे नको, म्हणून नाही मारले. मी खेळू शकलो असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सामना सुरू झाल्यावर आलं. विसाव्या मिनिटाला वगैरे."

"आणि तेव्हा काय वाटलं?"

"काही नाही. वाटायला हवं होतं."

मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. शेवटी मी त्याचे मोजे उचलून टोपलीत टाकले.

पार्किंगमध्ये मेतोदी खुर्चीत बसून आमची वाट बघत होता. नेहमीसारखा ओरडला नाही. किरो जवळ गेल्यावर त्याने त्याची बाही धरली.

"आज डावीकडे एकही नाही मारलास."

किरोने त्याच्या नाकातली नळी सरळ केली.

"त्याचा हात गेला होता. हो ना?"

"अंगठा."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या बॉलला."

मेतोदी श्वास गोळा करत राहिला. मला वाटलं आता शिव्यांची लाखोली वाहणार आणि मी मनातून म्हणत होतो, वाहा, कुणीतरी वाहा. पण तो लेकाच्या चेहऱ्याकडे असा बघत होता की मलाच मान खाली घालावी लागली. त्याला चुकीचं उत्तर परवडणार नव्हतं.

"हॉब्डे तुझा मित्र," तो सावकाश म्हणाला. "त्याचं डेन्मार्कचं काम होतं. तू म्हणालास, जाऊ दे, त्याचं होऊ दे. मित्रासाठी केलंस. असंच ना?"

किरोने माझ्याकडे पाहिलं. बापाशी तो आजवर खोटं बोलला नव्हता.

"हो बाबा," तो म्हणाला. "मित्रासाठी."

मेतोदीने आमच्या गावची चार-पाच म्हातारी माणसं हाका मारून गोळा केली आणि धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं. "मी असतो तर सांगून टाकलं असतं! माझा पोरगा नाही सांगत!" म्हातारे एकेक करून किरोशी हात मिळवायला आले. एकाने त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

मेतोदी जूनमध्ये गेला. चाळिसाव्या दिवशी, आमच्या रीतीप्रमाणे, चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. फादर उभे राहिले आणि म्हणाले की मेतोदीने मागे काय ठेवलं ते बघायचं असेल तर त्याच्या मुलाकडे बघा, आणि मग त्यांनी अंगठ्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या सांगण्यात हॉब्डे रडत होता आणि किरोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. बायका डोळे पुसत होत्या. किरो माझ्या शेजारी ताटलीतले, गेलेल्याच्या नावाने वाटलेले शिजवलेले गहू चमच्याने इकडून तिकडे करत ऐकत होता. मग तो माझ्या कानाशी वाकला.

"काका, तुम्ही तिथेच होतात ना," त्याने विचारलं. "तसंच झालं होतं का?"

तो मस्करी करत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तसंच," मी म्हणालो. "जेव आता."