ॲव्हरेजच्या नादात

आमच्याकडे नवीन गाडी घेतली की लोक किंमत विचारत नाहीत, ॲव्हरेज विचारतात. दसऱ्याला मी पिकअप घेऊन गावात शिरलो, तेव्हा पानठेल्यावरच्या मंडळींनी ना हार बघितला, ना रंग. एकानं तंबाखू मळत विचारलं, "देते किती?"

"आत्ताच तर आणली," मी म्हणालो.

"मंग पायजो. नवीन डिझेल गाडी लय खाते गा."

एवढंच बोलणं. पण मी मुळात चिडका माणूस, आणि त्यात नव्या गाडीचा मालक. ते वाक्य घरापर्यंत माझ्या मागे आलं आणि पुढचे तीन महिने गेलंच नाही.

आमचं गाव एकोडीच्या बाजूला. घरची थोडी धानाची शेती, आणि बाकी पोट गाडीवर. रोज सकाळी राईस मिलमधून तांदळाचे कट्टे भरायचे, साकोली, लाखनी करत भंडाऱ्याला पोचवायचे, येताना जे मिळेल ते आणायचं. आधी माझ्याकडे एक जुना टेम्पो होता. त्याचं ॲव्हरेज कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. त्याच्या काट्यांपैकी एकही चालत नव्हता. तो जेवढं प्यायचा तेवढं मी पाजायचो, आणि आमचं दोघांचं बरं चाललं होतं.

नव्या गाडीत मात्र स्टिअरिंगच्या मागे एक चौकोन होता आणि त्यात आकडा दिसायचा. गाडी चालताना ती लिटरमागे किती देते, तो आकडा. माझं वाटोळं त्या चौकोनानं केलं असं मी बायकोला पुष्कळदा सांगितलं आहे. ती म्हणते, चौकोनाला नावं ठेवू नका.

आता मोठी मायबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्याबद्दलच आहे. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मी तीन-चार वर्षांचा असताना आई लांबच्या दुखण्यात पडली, तेव्हा दोन वर्षं मी मोठी मायच्या घरीच होतो. तिच्या पोटच्या दोन मुली आणि मी, तिघांना तिनं एका ताटात जेवू घातलं. पुढे मुली लग्न होऊन गेल्या, मोठे बाबा गेले, आणि ती एकटी राहिली. तिचं घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली. आमच्या गावातून निघालेला रस्ता त्या पाळीवर चढतो आणि पाळीच्या माथ्यावर मोठ्या रस्त्याचा फाटा लागतो.

तिच्या दोन बांध्या होत्या, धानाची लहान खाचरं. धान निघालं की त्यातच लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ. थंडीत लाखोरीचे कोवळे शेंडे खुडायचे आणि साकोलीच्या बाजारात नेऊन विकायचे, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. बाजाराच्या दिवशी ती पहाटे भाजी खुडायची, ओल्या धोतराच्या फडक्यात गठोडं बांधायची आणि चढावर मध्येच, तिच्या घराच्या वाटेच्या तोंडाशी उभी राहायची. टेम्पो दिसला की हात वर करायची. खरं तर हात करायची गरज नव्हती, मी थांबणारच होतो. पण ती करायची. मी गठोडं गाडीच्या मागच्या डाल्यात ठेवायचो, ती पुढे बसायची, आणि साकोलीपर्यंत कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून भांडून गेली, हे सगळं ऐकवायची. अशी दहा वर्षं गेली.

नवी गाडी आली त्या दिवशी ओवाळायला तीच होती. चारही चाकांखाली लिंबं तिनंच ठेवली. मग पदरानं सीट पुसून पुढे बसली आणि जमलेल्या बायांना म्हणाली, "माया लेकाची गाडी हाये. आता मी बाजारात राणीवानी जातो."

पहिल्यांदा टाकी फुल्ल करून हिशेब काढला, तर लिटरमागे अकरा. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं त्याच्या जवळपाससुद्धा नाही. मला रात्री जेवण गेलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. कुठल्या कुठल्या गावांतले लोक हातवारे करून ॲव्हरेज वाढवायला शिकवत होते आणि मी वही घेऊन बसलो होतो. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर आज कट्टे वाहत नसतो.

हवा दर आठवड्याला, तीही सकाळी टायर थंड असताना. गिअर लवकर टाकायचा, इंजिनला ओरडू द्यायचं नाही. पन्नास-पंचावन्नच्या वर जायचं नाही. मागचे ताडपत्रीचे लोखंडी पाईप मी उतरवले. पान्ह्यांची पेटी उतरवली. मग एके दिवशी स्टेपनीसुद्धा घरी काढून ठेवली, आणि त्याच आठवड्यात लाखनीजवळ पंक्चर होऊन अर्धा दिवस रस्त्यावर बसलो. बायको म्हणाली, "तुमचंही वजन आहेच की. उतरून ढकलत न्या, अजून वाढंल." मग म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही."

पण आकडा वाढत होता. अकराचा बारा झाला. बाराचा साडेबारा. मला वाटायचं, हे सगळं आपण करतोय. उतारावर मी गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायचो आणि आकडा चढताना बघायचो. रस्त्याकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघायचो.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की बाजाराच्या दिवशी आकडा पडतो.

कारण उघड होतं. भरल्या गाडीला पाळीच्या चढावर थांबवायचं, आणि मग तिथूनच पहिल्या गिअरमध्ये उचलायचं. इंजिन नुसतं कण्हायचं. गावातून वेग धरून आलं तर तोच चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहज काढायची. मी मोठी मायला म्हणालो, "इथं चढावर नको उभी राहू. वर फाट्याच्या पलीकडं सपाटी आहे ना, तिकडं राय. इथून गाडी उचलाले लय डिझेल जाते."

ती म्हणाली, "असं काय? मले काय समजते गा. राहीन तिकडं."

आणि पुढच्या बाजारापासून ती सपाटीवर उभी राहायला लागली. म्हणजे डोक्यावर ओलं गठोडं घेऊन तो अख्खा चढ चढून. सत्तरीची बाई. मी वेगात चढ काढायचो आणि वर माझी वाट बघत असलेली ती मला दिसायची, घामेजलेली, थंडीच्या दिवसांत. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मी आकड्याकडे बघत होतो.

पौषातली गोष्ट. त्या आठवड्यात गाडीनं चौदा दाखवले होते, पहिल्यांदाच. बाजाराच्या आदल्या दिवशी पानठेल्यावर मी छातीठोकपणे सांगून आलो होतो, की उद्या संध्याकाळी टाकी भरून पंधरा दाखवतो. चढ काढला, फाटा ओलांडला, गाडी छान लयीत होती. समोर मोठी माय. मला बघून तिनं हात वर केला आणि मग दोन्ही हातांनी गठोडं उचलून डोक्यावर घेतलं, म्हणजे माझा खोळंबा नको.

मी थांबलो नाही. हॉर्न वाजवला, घाईत असल्यासारखा हात हलवला आणि पुढे गेलो. आरशात दिसलं, की ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग वाकून तिनं गठोडं खाली ठेवलं.

संध्याकाळी आकडा पंधराच्या जरा वर निघाला. पानठेल्यावर मी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तिला भेटून थाप मारली, की मिलवाल्याचा फोन आला होता, लवकर पोचायचं होतं. ती म्हणाली, "काम असते बाबू. मी गेली ना एसटीनं." एसटी साकोलीत उशिरा पोचायची. तोवर बाजारात तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरी बाई पाल पसरून बसलेली असायची आणि हिला मागे मटणाच्या गल्लीकडे बसावं लागायचं. हे तिनं सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं.

ऐकून वाईट वाटलं. तरी मी पुढच्या बाजाराला थांबलो नाही. एकदा खोटं बोलून ते खपलं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही, हे मला त्या वयात नव्यानं कळलं. तिसऱ्या बाजाराला ती सपाटीवर होती, पण तिनं हात केला नाही. गाडी आली तशी रस्त्यावरून खाली उतरून शेताच्या धुऱ्यावर उभी राहिली आणि दुसरीकडे बघत राहिली. मला लाज वाटू नये म्हणून. चौथ्या बाजाराला ती नव्हतीच. तिनं त्या वर्षी बाजार सोडला. लाखोरी तशीच बांधीत वाढली, निबर झाली, शेंगांवर आली.

मग सर्व्हिसिंगचा दिवस आला. भंडाऱ्याच्या वर्कशॉपात एक वयस्क मेकॅनिक होता, हात काळे, बोलणं कमी. मी स्वतः होऊन त्याला ऐकवलं, की अकरावरून पंधरावर नेलीय गाडी. कसं कसं केलं तेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, "उतारावर न्यूट्रल करता?"

"हो."

"नका करत जाऊ. गिअरमधी ठेवून पाय उचलला का डिझेल बंदच होते. न्यूट्रलमधी इंजिन चालू ठेवाले उलटं लागते. अन् ब्रेक गरम होते थे वेगळं."

मी जरा खट्टू झालो. म्हणालो, "पण वाढलं ना चार-साडेचार?"

"थे तर वाढनारच होतं भाऊ. नवीन इंजिन टाईट राहते. पाच-सात हजार किलोमीटर चाललं का खुलते. हवाबिवा ठेवली त्याचा थोडा फायदा. बाकी कोणीही चालवली असती तरी आलीच असती इथपर्यंत."

मी विचारलं. न विचारता राहवलं नाही. "आणि चढावर थांबवून परत उचलली तर किती जातं?"

तो हसला. "किती जाईन? घोटभर."

वर्कशॉपातून निघालो तो लाखनीपर्यंत मी त्या चौकोनाकडे बघितलं नाही. घोटभर डिझेल. मी त्यासाठी त्या बाईला चढ चढवला होता, आणि नंतर तेवढंही दिलं नव्हतं. आता कुणी म्हणेल, गाडीचा धंदा आहे, चार पैसे वाचवायलाच हवेत. मीही स्वतःला ते सांगून पाहिलं. पण मी वाचवत नव्हतोच. मला पानठेल्यावर आकडा सांगायचा होता, बस. माझ्यासारखा मूर्ख भंडारा जिल्ह्यात शोधून सापडला नसता.

त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. खरं काय ते सांगायचं ठरवून गेलो होतो आणि सांगितलं. मिलवाल्याचा फोन नव्हता. डिझेलसाठी थांबलो नाही. डिझेलही काही वाचलं नाही.

ती पाखडत राहिली. म्हणाली, "मले माहीत होतं गा."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? तुयी गाडी, तुयं डिझेल." मग सूप बाजूला ठेवून उठली आणि चहा ठेवायला आत गेली. चहात नेहमीसारखी साखर जास्त घातली होती. रागावली असती तर मी पाया पडलो असतो, रडलो असतो, काहीतरी केलं असतं. ती रागावलीच नव्हती. तिनं मला पाहुण्याच्या खुर्चीवर बसवलं, एवढंच.

पुढच्या बाजाराला येजो, मी म्हणालो. ती म्हणाली, भाजी संपली आता.

होळीनंतर तिच्या धाकट्या मुलीकडे बारसं होतं, साकोलीजवळच. मला कळलं होतं की त्या दिवशी ती एसटीनं जाणार. मी कट्टे भरून मुद्दाम वेळ साधून निघालो. चढाला लागलो तर ती समोर चालताना दिसली, हातात पिशवी, डोक्यावर लाडूंचा डबा. मी चढावर, तिच्या घराच्या वाटेच्या तोंडाशी, तिच्या जुन्या जागेवर गाडी थांबवली. खाली उतरून दार उघडलं. "बस," म्हटलं.

ती थांबली. गाडीकडे बघितलं, मग चढाकडे. अगदी सहज, मनापासून म्हणाली, "इथं कायले थांबला बाबू? चढ हाये ना. चाल तू, मी वर सपाटीवर येतो."

"काही होत नाही. बस ना मोठी माय."

"नाई नाई. डिझेल जाते." आणि ती चालायला लागली.

डबा तरी दे, असं मी म्हणेपर्यंत ती पुढे गेली होती. मी गाडीत बसलो. पहिला गिअर टाकला आणि तिच्या मागून, तिच्या चालीनं, चढ चढू लागलो. इंजिन कण्हत होतं. समोरचा आकडा उतरत होता, उतरू दिला. पुढे जाऊन वर थांबणं मला जमेना, आणि ती काही बसेना. मध्येच तिनं डब्याला धरलेला एक हात सोडला आणि मागे न बघता वर केला.

तो हात मी दहा वर्षं बघत आलो होतो. या वेळी तो थांब म्हणून नव्हता. हो पुढं, म्हणून ती हलवत होती.