डफड्याविना दवंडी

मंडळी, आज सकाळी राजापेठेत किराणा घेत होते, तेवढ्यात दुकानातले सगळे फोन एकदम किंचाळले. सरकारी इशारा होता: उष्णतेची लाट, जोराचा वारा, आगीचा धोका. सगळ्यांनी न वाचताच आवाज बंद केला. मी फोन हातात धरून तशीच उभी.

दुकानदार म्हणाला, "मावशी, रोजचंच हाय हे. बंद करून टाका."

मला आमचे बाबा आठवले. हिवरखेडला ते दवंडी द्यायचे. उन्हाळ्यात वारा सुटला की डफडं वाजवत गावभर सांगायचे, "चुली विझवा." छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि बाबांनी जातीनं लादलेलं गावकीचं काम सोडलं, दवंडीसकट. डफडं खुंटीला टांगलं ते टांगलंच.

पुढच्याच उन्हाळ्यात, दुपार कलताना, असाच वारा सुटला. बाबांना राहवलं नाही. डफडं न घेता ते दारोदार गेले. "चुली विझवा बाई, वारा लय हाय." मी आठ-नऊ वर्षांची, त्यांच्या मागे मागे.

लोक म्हणाले, "डफडं नाही वाजलं, मंग दवंडी कायची?"

दिवस मावळायच्या आत चार घरं जळाली.

घरी आल्यावर आई खुंटीकडे पाहत राहिली. बाबा एवढंच बोलले, "म्या सांगतलं होतं न वं."

बाबांनी त्या दिवशी एकदा डफडं घ्यायला हवं होतं का, हे मला इतकी वर्षं उमगलं नाही. आज तर आणखीच गोंधळले. आज आवाज झाला होता. दुकानात सगळ्यांनी तो ऐकला होता.

तुम्हाला काय वाटतं?