सुधारशाळेला लिहिलेलं उत्तर
सुतळी जळल्याचा वास आला की अजून मी खिडकी लावून घेते. साठ सालाच्या आधीची गोष्ट. रापण ओढणाऱ्यांच्या म्होरक्याने, तांडेलाने, चारचौघांत थोबाडीत मारली म्हणून माझ्या सोळा वर्षांच्या भावाने किनाऱ्यावरून ओढायचं रापणीचं अख्खं जाळं पेटवून दिलं. मालवणातल्या आमच्या वाडीतली वीस घरं त्या जाळ्यावर जगत होती. कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी घाटावरच्या सुधारशाळेत धाडलं. दोन वर्षांनी तिथून पत्र आलं, की मुलगा सुधारला आहे, सुतारकाम शिकला आहे, घरचे सांभाळणार असतील तर मुदतीआधी सोडू. घरात लिहितावाचता येणारी मी एकटीच, तेरा वर्षांची. घरापुढच्या खळ्यात बांगडे सुकत होते, माश्या घोंगावत होत्या. बाबा पत्राकडे न बघताच म्हणाले, “लिही, तेका थंयच ठेवा. हंय इलो तर पाय मोडतलंय मी तेचे.” आई चुलीपुढून म्हणाली, “पोरगो आसा तो आपलो.” बाबा ओरडले, “वीस घरांच्या दारात मान खाली घालून मी उभो रवलंय, तू नाय!” मी शुद्ध मराठीत लिहिलं, ‘त्यास तेथेच ठेवावे.’ बाबांनी खाली अंगठा उठवला. भाऊ पुरी मुदत भोगून परस्पर मुंबईला गेला. पुढे कितीतरी वर्षांनी भेटला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “अक्षर तुझाच होता मा?” मी बाबांचं नाव पुढे केलं. खरं तर बाबांना वाचता येत नव्हतं. मी ‘पाठवा’ लिहिलं असतं तरी त्यांनी अंगठा दिला असता. पण त्या जाळ्यापायी शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं, आणि भाऊ मलाही घरी नकोच होता.